गालांचा जोर

जयसिंग मोहिते चढाईला गेले की मैदानाबाहेरचा चहावाला नव्यानं आधण ठेवायचा आणि ते परत येईपर्यंत चहा कपात पडलेला असायचा, असं पलूसमधले लोक सांगत. कबड्डीत चढाईला अर्ध्या मिनिटाची मर्यादा असते. म्हणजे हा चहा कच्चाच असणार. पण पलूसमध्ये हा हिशेब कुणी केला नाही, आणि मोहित्यांनीही कुणाला करू दिला नाही.

दम ही त्यांची इस्टेट होती. तिच्यात एक छोटी चोरीही होती. 'कबड्डी कबड्डी' म्हणता म्हणता ओठाच्या कोपऱ्यातून हवेचा घोट आत घ्यायचा आणि शब्दांचा धागा तुटू द्यायचा नाही. नियमानं हा सरळ फाउल. पण पंचाच्या ध्यानात आलं नाही तर मैदानात त्याला कुणी चोरी म्हणत नाही, कसब म्हणतात. मोहित्यांनी हे कसब वाघजाई क्रीडा मंडळाच्या पोरांच्या पिढ्यान् पिढ्यांना शिकवलं होतं, तेही सकाळी देवाला नमस्कार करून.

अशा माणसाला साठीच्या आतच पाठीवर आडवं झालं की श्वास पुरेना.

सुरुवात हातांपासून झाली. केसांतून फणी फिरवायला हात वर जाईना. मग जमिनीवर बसलं की उठता येईना. मोहित्यांनी आधी वयाला दोष दिला, मग चपलांना, मग घरातल्या नव्या फरशीला. शेवटी बायकोनं, शैलजाकाकूंनी, त्यांना गाडीत घातलं आणि मिरजेला नेलं. तिथं निदान झालं ते स्नायूंच्या दाहाचं. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच बिथरते आणि स्वतःच्या स्नायूंना परकं समजून झोडपू लागते. मांड्या आणि खांदे आधी सापडतात. पण श्वास आत ओढणारा छातीखालचा पडदा, म्हणजे मध्यपटल, हासुद्धा शेवटी स्नायूच. त्याला तरी कोण सोडणार?

"पूर्वी आम्ही अशा रोग्याला पडून राहायला सांगायचो," श्वासाच्या व्यायामाचं खातं सांभाळणाऱ्या डॉक्टर तबस्सुम मुल्ला मोहित्यांना म्हणाल्या. "सुजलेल्या स्नायूला कामाला लावलं तर तो आणखी बिघडेल, अशी भीती होती. आता माहीत आहे की मोजून-मापून दिलेला व्यायाम त्याला सावरतो. सगळी गोम त्या मोजण्यात आहे, आबा."

मोजण्यासाठी यंत्र होतं. त्याचं नाव सोबती. मुठीत मावेल अशी नळी, तिच्यात एक पडदी. श्वास आत ओढताना ती पडदी जोर करून उघडावी लागे, आणि किती जोर लावला त्याचा आकडा फोनवर उमटे. मध्यपटल बळकट झालं की पडदीचा भार वाढे. दंडाच्या कातडीखाली औषधाची एक चपटी डबी बसवली होती. सोबती त्या डबीलाच सांगे, आज औषध किती सोडायचं ते. जास्त औषध म्हणजे हाडं ठिसूळ, साखर वर, जंतूंना मोकळं रान. कमी औषध म्हणजे दाह मोकाट. मधली वाट रोज नव्यानं शोधावी लागे. रक्ताच्या तपासणीवर विसंबून चालत नसे, कारण स्नायू दाहानं झिजले तरी आणि व्यायामानं शिणले तरी रक्तात उतरणारं द्रव्य एकच. म्हणून श्वासाचा आकडा हाच खरा साक्षीदार होता.

आणि जोड होती. ही २०४३ सालातली नवी गोष्ट. हा आजार विरळा, त्यात त्याच्या नाना जाती. यंत्राला शिकायला हजारो रोगी मिळणार कुठून? म्हणून ज्यांच्या रक्तातल्या खुणा जवळजवळ सारख्या आहेत अशा दोघांची जोड लावत. एकावर जे औषध, जो भार मानवला, तो दुसऱ्यावर जरा बेतानं करून बघायचा.

"तुमची जोड चंद्रपूर जिल्ह्यात सापडली," डॉक्टर म्हणाल्या. "मूल गावच्या वंदना येरमे. अंगणवाडी चालवतात. आणखी कुणी देशभरात तुमच्या दोघांसारखं नाही. तुम्ही नीट व्यायाम केलात की त्यांचंही भलं होतं, एवढं लक्षात ठेवा."

मोहित्यांनी मान डोलावली. व्यायाम नीट करायला त्यांना सांगावं लागतंय याचाच त्यांना जरा राग आला होता.

जोडीदारांनी रोज सकाळी एकाच वेळी, फोन चालू ठेवून व्यायाम करायचा असे. दोघांचे आकडे दोघांच्या पडद्यावर दिसत. पहिल्या दिवशी मोहित्यांचा आकडा बावन्न आला. निरोगी पुरुषाच्या मानानं तो काहीच नव्हता, पण वंदनाचा चाळीसच होता.

"तुमी खेळाडू होते न जी?" तिकडून वंदनानं विचारलं. "डॉक्टरबाईंनी सांगतलं मले. कबड्डीवाले."

"होतो कशाला, हाय," मोहिते म्हणाले.

"मंग मी तुमचं पाहूनच करतो भाऊ. माझी पोरं अंगणवाडीत गाणं म्हणतात आन मले दुसऱ्या ओळीलेच धाप लागते. गाणं पुरं म्हणता आलं पायजे, बस."

मोहित्यांना ही बाई आवडली. तिला शिकवायची त्यांना हौसच आली. पाठ ताठ ठेवा, खांदे उचलू नका, पोट पुढं येऊ द्या, घाई करू नका. ते सगळं बरोबर सांगत आणि स्वतःही तसंच करत. वंदनाचा आकडा चढत गेला. एके दिवशी तिनं फोनवरच बडबडगीत शेवटपर्यंत म्हणून दाखवलं आणि हसली. मोहित्यांनी शैलजाकाकूंना बोलावून ते पुन्हा म्हणायला लावलं. जणू गाणं त्यांनीच रचलं होतं.

मग थंडी पडली, मोहित्यांना सर्दी झाली आणि तिच्या पाठोपाठ दाह उसळला. एका सकाळी त्यांचा आकडा त्रेचाळीस आला. वंदनाचा सत्तेचाळीस.



"होते जी भाऊ कधी कधी," वंदना हळूच म्हणाली.

एवढंच. त्यात टोमणा नव्हता, उलट माया होती. पण मोहिते आयुष्यात अनेकदा हरले होते, शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा तर प्रेक्षकांनी फेकलेली चप्पलही खाल्ली होती. कीव मात्र कुणी केली नव्हती. मूलमधली एक अंगणवाडीची बाई आपली समजूत घालते आहे, या विचारानं ते दिवसभर घरात कुणाशी धड बोलले नाहीत. लाज वाटली की ते चिडत. शैलजाकाकूंना तीस वर्षांच्या संसारात हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोपरं टेबलावर टेकून नळी तोंडाशी नेताना त्यांना नळीच्या पोटाशी एक बारीक भोक दिसलं. ते त्यांनी आधीही पाहिलं असणार, पण आता खेळाडूच्या नजरेनं पाहिलं. ते भोक तिथं मुद्दाम ठेवलेलं असतं. आपण गाल आत खेचून तोंडातल्या तोंडात चोखलं तरी जोर दिसतो, पण तो छातीचा नव्हे. भोकातून हवा झिरपत राहिली की गालांचा तो जोर टिकत नाही आणि मध्यपटलाचा खरा जोर तेवढा मोजला जातो. मोहित्यांना यातलं शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी भोकावर करंगळी ठेवली, घसा मिटला आणि गाल आत ओढले. लहान मूल आंब्याची कोय चोखतं तसे. गालांना या आजारानं हात लावला नव्हता.

आकडा आला छप्पन्न.

"अरे वा, भाऊ," वंदना मनापासून म्हणाली. "मी म्हटलंच होतं."

यंत्र बनवणाऱ्यांनी आळशी रोग्याचा विचार केला होता, विसराळू रोग्याचा केला होता, घाबरट रोग्याचाही केला होता. आपण बरे नसताना बरं असल्याचं सोंग करंगळीनं आणणारा रोगी त्यांच्या डोक्यात आला नव्हता. कारण ते पलूसला कधी आले नव्हते.

मोहित्यांनी स्वतःची समजूत घातली. आपला आकडा पडला तर बिचारीचा धीर सुटेल. तिच्यासाठीच तर हे. सर्दी गेली की आपण पुन्हा छातीनं ओढू. सर्दी गेली, पण छातीनं ओढल्यावर जो आकडा येईल तो बघायचं धैर्य काही आलं नाही. मिरजेला प्रत्यक्ष तपासणीची तारीख आली तेव्हा त्यांनी निवड चाचण्यांचं कारण सांगून ती पुढं ढकलली. तिथं नाकानं जोरात हुंगायला लावून जोर मोजतात, आणि नाकाला गाल नसतात हे त्यांना नेमकं समजलं होतं.

सोबतीनं आकडे पाहिले. रोगी झपाट्यानं सुधारतोय, तेव्हा औषध कमी करावं, भार वाढवावा, हा साधा विचार त्यानं केला. थोडं कमी केलं, आकडा तरी वरच. आणखी कमी केलं. मग शिकलेली गोष्ट त्यानं बेताबेतानं जोडीदारावर लावली. वंदनाच्या दंडातल्या डबीतूनही औषध कमी सुटू लागलं आणि तिच्या नळीची पडदी घट्ट झाली.

वंदनाचा आकडा उतरू लागला.

यंत्र गोंधळलं असतं, पण तिच्याचसारखं रक्त असलेला माणूस त्याच औषधावर, त्याच भारावर ठणठणीत होता. तेव्हा ही घसरण तात्पुरती असावी, असंच त्यानं धरलं. वंदनानं वेगळा अर्थ काढला.

"भाऊ, माफ करा जी," ती एके सकाळी म्हणाली. मध्येच थांबून तिनं श्वास घेतला. "तुमी एवढी मेहनत करता. मीच कामचोरपणा करून राहिली असन. जोरच लागत न्हाई."

त्या वेळी मोहित्यांना सांगता आलं असतं. सगळं तोंडापर्यंत आलंही होतं. शरमेनं त्यांच्या कानशिलांना घाम फुटला. पण आता सांगायचं म्हणजे कीव करणाऱ्या बाईसमोर चोर ठरायचं. ते खाकरले आणि गेली तीस वर्षं पोरांना सांगत आलेले तेच तिला म्हणाले.

"जोर लावायचा ताई. अंग चोरायचं न्हाई."

"हो जी," वंदना म्हणाली. आणि तिनं जोर लावला.

त्यानंतर स्वतः मोहितेही उशांचा ढीग लावून बसल्या बसल्याच झोपू लागले. शैलजाकाकूंनी विचारलं तर म्हणत, पित्त झालंय.

जिल्ह्याच्या निवडीत मंडळाच्या तीन पोरी आणि दोन पोरं आली, तेव्हा मंडळानं मैदानावर छोटा कार्यक्रम ठेवला. त्यात आबांचाही सत्कार. अध्यक्ष आनंदा सुतार हे मोहित्यांच्या संघातले जुने साथीदार, मैदानाचा कोपरा सांभाळणारे. त्यांनी माइक हातात घेऊन भाषण ठोकलं, की आमच्या आबांनी आजाराची चढाई अंगावर घेऊन परतवली, आणि पोरांनो, दम म्हणतात तो हा. टाळ्या झाल्या. त्यांनी शाल अर्धी खांद्यावर घातली असेल तेवढ्यात शैलजाकाकूंच्या हातातला मोहित्यांचा फोन वाजला. मोहित्यांचा हात कानापर्यंत पोचत नसे, म्हणून काकू नेहमी फोन मोठ्या आवाजावर ठेवून त्यांच्यासमोर धरत. सवयीनं त्यांनी आताही तसाच धरला.

"आबा, मी डॉक्टर मुल्ला," सगळ्यांना ऐकू आलं. "वंदनाताई चंद्रपूरच्या दवाखान्यात आहेत. श्वास फार कमी पडतोय, मास्क लावलाय. तिथले डॉक्टर लाइनवर आहेत. आम्हाला आत्ता एक गोष्ट ठरवायची आहे."

"बोला," मोहिते म्हणाले.

"एक तर औषध कमी पडल्यामुळे हे झालं असेल. मग जुना डोस लगेच सुरू करायचा. किंवा त्यांच्या आजाराची जातच बदलली असेल. मग फार कडक औषध द्यावं लागेल, त्यानं अंगातली सगळी प्रतिकारशक्ती जाते. त्यांच्या छातीत कफ साठलाय. अशात ते दिलं आणि आमचा अंदाज चुकला, तर त्या वाचणार नाहीत. आता बघा, तुम्ही त्यांच्याच डोसवर आहात आणि तुमचे आकडे उत्तम आहेत. म्हणून इथं सगळ्यांचं मत दुसऱ्या बाजूला झुकतंय." डॉक्टर थांबल्या. "आबा, तुमचे आकडे खरे आहेत ना?"

आनंदांच्या हातातला माइक अजून चालूच होता.

पाच मिनिटांनी फोन करतो, असं म्हणता आलं असतं. मोहित्यांच्या मनात ते आलंही. बाजूला जाऊन, एकट्या डॉक्टरांच्या कानात सांगायचं. पण बाजूला जायला कुणाच्या तरी खांद्याचा आधार लागला असता, आणि कुणाकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती. समोर पोरं होती. दम चोरायला त्यांनीच शिकवलेली.

"न्हाईत," ते म्हणाले.

"काय नाहीत?"

"खरं न्हाईत आकडे. गालानं ओढत हुतो. भोकावर बोट धरून."



"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज कोरडा झाला होता.

"ताई मला म्हणाल्या, होते कधी कधी. त्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं."

आनंदांनी माइक बंद केला. दुसऱ्या हातात शालीचं टोक राहिलं होतं, त्याचं काय करावं हे त्यांना कळेना. शैलजाकाकूंनी फोन धरलेला हात हलू दिला नाही. नवऱ्याकडे त्या बघत मात्र नव्हत्या. पोरांपैकी कुणी हसलं असतं तरी मोहित्यांना बरं वाटलं असतं. कुणी हसलं नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला वाटतं म्हणतात. मोहित्यांना तसं काही वाटलं नाही. त्यांना फक्त वाटत होतं, की आपण इथं उभे आहोत आणि सगळे आपल्याला बघताहेत, आणि ते बरोबरच आहे.

"जुना डोस सुरू करा, लगेच," डॉक्टर मुल्ला तिकडच्या कुणाला तरी म्हणाल्या. मग पुन्हा इकडे वळल्या. "यंत्र जवळ आहे? डोस नेमका बसवायला तुमचा खरा आकडा लागेल. बोट काढून. तीन वेळा घ्या, एकावर भरवसा ठेवता येत नाही. आणि आबा, तिकडच्या डॉक्टरांचा फोन वंदनाताईंच्या खाटेजवळच आहे. त्यांनी सगळं ऐकलंय."

मोहित्यांना खुर्चीत बसवावं लागलं.

"ताई," ते फोनकडे बघून म्हणाले, "कामचोर मी हुतो."

मास्कमधून हवेचा फुस्स असा आवाज येत राहिला. मग वंदना बोलली, एकेका श्वासाला दोन-तीन शब्द.

"राग येऊन राहिला जी मले. लय राग. बोलाले दम न्हाई म्हणून... बोलत न्हाई."

"बोला ताई. बोला जमंल तसं."

"जोड तोडता येते म्हणतात." फुस्स. "तोडून जाऊ कुठं? माझ्यासारखं रक्त... दुसऱ्या कोणाचंच न्हाई. नळी घ्या तोंडात."

काकूंनी पिशवीतून नळी काढून त्यांच्या ओठांशी धरली. मोहित्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. आणि श्वास ओढला, छातीच्या खालून, जसा तिला शिकवला होता तसा. पडदी जेमतेम हलली.

आकडा आला एकोणीस.

तो मंडळातल्या पोरांनी पाहिला, आनंदांनी पाहिला, आणि चंद्रपूरच्या खाटेवरून वंदनानंही पाहिला. तिचा स्वतःचा त्या सकाळी बावीस होता.

"भाऊ," ती म्हणाली. आवाजातला राग गेला नव्हता, पण घाई आली होती. "हा तं माझ्याहून कमी आहे. तुमी कसे बसून राहिले? आधी मिरजेले जा."

इतक्या माणसांसमोर चोर ठरूनही मोहित्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते आता आलं. जिच्या छातीवर आपण दगड ठेवला, तीच आपल्याला उठवू बघते आहे, ही लाज त्या आधीच्या लाजेहून फार मोठी होती. आनंदांनी गाडी काढायला पोरं पळवली. दोघांनी मोहित्यांच्या काखेत हात घातले.

"थांबा," मोहिते म्हणाले. "अजून दोन घ्यायचेत. ताईंच्या कामाचे हाईत."

दुसरा श्वास त्यांनी ओढला. सतरा. तिसऱ्याला ते खुर्चीत पुढं वाकले, मान थरथरली, आणि आकडा आणखी खाली गेला. फोनचा पडदा झाकायला हात वर जात नव्हता, आणि गेला असता तरी त्यांनी तो नेला नसता.

"दिसतोय का, ताई?" त्यांनी विचारलं.

"दिसते जी," वंदना म्हणाली. "आता निघा."